माईक, मानधन आणि मागे पडलेलं हस्तलिखित

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की आजच्या लेखकाला बोलताही आलं पाहिजे, तर त्यावर इतके मेसेज आणि ईमेल आले (एक तर चक्क पोस्टकार्ड!) की यावेळचा सगळा कॉलम त्याच विषयाला देऊन टाकलाय. नावं काढलीयेत सगळ्यांची, कारण दोघांनी "आमच्या साहेबांकडे हे मासिक येतं" असं आधीच बजावलंय. मी स्वतः वीसेक वर्षं लिहितेय, त्यातली सोळा वर्षं गावोगाव बोलत फिरतेय, तेव्हा जे काही सांगतेय ते स्वतः आपटून झाल्यावर कळलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी विट्याला एका पतसंस्थेत बारा वर्षं काउंटरला आहे, वय ३६. दोन वर्षांपूर्वी माझं ललित लेखांचं पुस्तक आलं, पाऊस, आई, गावाकडच्या आठवणी असं. हजार प्रती काढल्या, चारशेच्या वर अजून पलंगाखाली आहेत. पण मागच्या वर्षी इथल्या कॉलेजात बोलायला बोलावलं, तिथं मी मध्येच एका जामीनदाराचा किस्सा सांगितला तर पोरांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. त्यानंतर आसपासच्या गावांतून आठ बोलावणी आली. नोकरी सोडून लेखक आणि वक्ता म्हणून पूर्ण वेळ उतरावं असं डोक्यात आहे, बायको म्हणते अजिबात नाही. काय करू?

उत्तर : वहिनींचं ऐका.

आता का ते सांगते. आधी हिशोब. समजा पुस्तक २५० रुपयांचं आहे आणि प्रकाशक १० टक्के रॉयल्टी देतो, म्हणजे प्रतीमागे २५ रुपये. हजाराची आवृत्ती पूर्ण संपली तर पंचवीस हजार, तेही एका वर्षात नाही हो, संपायला तीन-चार वर्षं सहज जातात. आणि तुमच्या तर प्रती पलंगाखाली आहेत, म्हणजे पैसे तुम्हीच घातलेत असं मी धरून चालते, तेव्हा रॉयल्टीचा प्रश्नच मिटला. राहिलं बोलणं. त्याचाही सीझन असतो, लग्नाच्या बँडसारखा. गणपती-नवरात्रात मंडळं बोलावतात, डिसेंबर-जानेवारीत कॉलेजांची स्नेहसंमेलनं, मग शिवजयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन (त्या एका दिवशी सहा फोन येतात आणि आपण एकच), एप्रिलमध्ये जयंत्या, मग वसंत व्याख्यानमाला. जून-जुलैत पेरण्या आणि अॅडमिशन, कुणाला तुमची आठवण येत नाही. घराचा हप्ता मात्र जुलैतही असतोच.

दुसरं म्हणजे ज्यांच्याकडे बघून आपल्याला हे खूळ लागतं ना, त्यांचं जरा नीट बघा. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनानं महाराष्ट्र पिंजून काढला, पण मिरासदार मराठीचे प्राध्यापक होते, माडगूळकर पुणे आकाशवाणीत आणि शंकर पाटील पाठ्यपुस्तक मंडळात. व. पु. काळे आर्किटेक्ट, मुंबई महापालिकेत नोकरी. शिवाजीराव भोसले फलटणच्या मुधोजी कॉलेजचे प्राचार्य, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू. राम शेवाळकर वणीला प्राचार्य. म्हणजे ज्यांच्या व्याख्यानांना लोक सतरंजीवर जागा धरायला पोरांना आधी पाठवायचे त्यांचा सुद्धा महिन्याचा पगार चालू होता. नोकरी त्यांच्या आड आली नाही, उलट मला तर वाटतं की पोटाची चिंता नसल्यामुळंच त्यांना हवं ते बोलता आलं.

आणि आता तुमच्या पत्रातली खरी गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय. पोरं हसली कशावर? जामीनदारावर! पावसावर नाही, आईवर नाही. रागावू नका, पण पाऊस आणि आई यावर लिहिणारे दर तालुक्यात पंधरा आहेत. बारा वर्षं पतसंस्थेच्या काउंटरला बसून सोनंतारण करताना बायकांचे चेहरे बघितलेला, मित्रासाठी सही केली आणि आता तोंड चुकवत फिरणारा जामीनदार जवळून माहीत असलेला, मार्चएंडला वसुलीला जीपमधून गेलेला लेखक मला तरी दुसरा माहीत नाही. व्याख्यानमालावाले आधी विषय बघतात, मग माणूस. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आजही २१ एप्रिल ते २० मे असा महिनाभर रोज एक वक्ता असतो, आणि महिनाभर रोज वेगळा विषय लागतो त्यांना. "कर्ज आणि माणूस" असं काहीतरी घेऊन तुम्ही गेलात तर उभं करतील, "ललित लेखक" म्हणून गेलात तर "बघू, कळवतो".

तेव्हा पुढची दोन वर्षं नोकरी ठेवा, रजा जपून वापरा, त्या विषयावर एक तासाचं एकच व्याख्यान घासूनपुसून तयार करा आणि दुसरं पुस्तकही त्यावरच लिहा. खातेदारांची नावं, गावं बदला बरं का, नाहीतर वक्ता व्हायच्या आधी नोकरीवरून जाल. पलंगाखालच्या प्रती कार्यक्रमाला जाताना वीस-वीस घेऊन जा.

प्रश्न : मी नांदेडला असते, तीन पुस्तकं आहेत, गेल्या वर्षी बावीस कार्यक्रम केले. मिळकत म्हणजे अकरा शाली, नारळ मोजले नाहीत, एका ठिकाणी भिंतीवरचं घड्याळ. पैशाचं विचारायला जीभ रेटत नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, मॅडम हे सरस्वतीचं काम आहे.

उत्तर : सरस्वतीचं काम असतं ना, मग मांडववाल्याला विचारा तो सरस्वतीसाठी फुकट मांडव घालतो का. साउंडवाला तर अर्धे पैसे आधी घेतो.

माझाच किस्सा सांगते. दहा-अकरा वर्षं झाली असतील, एका तालुक्याच्या गावी मंडळानं बोलावलं, कुठलं ते सोडा. एसटीनं गेले, स्टँडवरून रिक्षा, रात्री उशीर झाला म्हणून लॉजवर राहिले, सगळा खर्च माझा, ७४० रुपये झाले होते, डायरीत लिहून ठेवलंय. सत्कार झाला, पाकीट दिलं, घरी येऊन उघडलं तर ५०१. बरं तेही चाललं असतं, पण निघताना खजिनदारानं एका कोऱ्या व्हाउचरवर सही घेतली होती, "आकडा आम्ही टाकतो ताई, तुम्ही सही करा नुसती". आणि मी केली! मुकाट्यानं! त्या कागदावर माझ्या नावानं किती रुपये गेले ते आजवर मला कळलेलं नाही. त्या दिवसापासून दोन गोष्टी सुरू केल्या, कोऱ्या कागदावर सही नाही, आणि पैशाचं बोलणं पहिल्याच फोनवर.

पहिल्याच फोनवर म्हणजे अगदी पहिल्याच. कारण तारीख देऊन झाली, पत्रिका छापून झाली की मग विचारणं खरंच जड जातं, तुमचं चुकत नाही. माझं वाक्य ठरलेलं आहे, फुकट वापरा : "येते की, आनंदानं. तुमचं मानधनाचं काय ठरलंय आणि जाण्यायेण्याची व्यवस्था कशी आहे?" बस्स. आकडा त्यांना आधी बोलू द्या. कमी वाटला तर तुमचा सांगा आणि गप्प बसा, ती चार सेकंदांची शांतता आपणच भरून काढतो आणि स्वतःचा आकडा स्वतःच खाली आणतो, बायका तर हमखास. ठरलं की लगेच व्हॉट्सअॅपवर टाका, तारीख, विषय, किती वेळ बोलायचं, मानधन, प्रवास, मुक्काम, पुस्तकांचं टेबल. मानधन आणि प्रवासखर्च वेगवेगळे लिहा, एकत्र लिहिलं की प्रवास मानधनात गायब होतो.

शालीचं म्हणाल तर मी आता सरळ सांगते की शाल-नारळ नको, त्या पैशात माझी दहा पुस्तकं घ्या आणि गावातल्या वाचनालयाला, शाळेला द्या. निम्मी मंडळं तयार होतात. काहींचं शालीशिवाय फोटोत भागत नाही, तिथं एकच शाल आणून परत न्या म्हणते (एकदा खरंच नेली!).

फुकट कधीच जायचं नाही असं माझं म्हणणं नाहीये. खेड्यातली शाळा, गावचं वाचनालय, तिथं मी स्वखर्चानं जाते, वर्षाला सहा. पण ते सहा मी निवडते.

जाता जाता टॅक्सचं. मोठ्या संस्था मानधनातून १० टक्के टीडीएस कापतात, ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरलं तर हिशोबात धरले जातात, तेव्हा पॅन द्यायला का कू करू नका. रॉयल्टी आणि मानधन वेगवेगळं लिहून ठेवा, कारण जुनी करपद्धत घेणाऱ्या लेखकाला पुस्तकाच्या रॉयल्टीवर वर्षाला ३ लाखांपर्यंत वजावट आहे, व्याख्यानाच्या पैशावर ती नाही. बाकी तुमचा सीए सांगेल, माझं गणित तिथं संपतं.

प्रश्न : मी पुण्यात एमए करतोय, वय २३, कथा लिहितो, दिवाळी अंकात दोन आल्यात. लिहिताना सुचतं पण स्टेजवर गेलं की गोठतो, मग कागद काढून वाचतो आणि लोक मोबाईल काढतात. (प्लीज अहो-जाहो नको.)

उत्तर : बरं, अहो-जाहो नाही. तू गोठतोस कारण तू लिहिलेलं बोलायला बघतोस, आणि लिहिलेलं वाक्य तोंडात मावत नाही रे. तू पाठवलेल्या कथेतलंच पहिलं वाक्य घे : "संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाड्याच्या पडक्या भिंतीला टेकून, गेल्या कित्येक वर्षांचा हिशोब मनाशी मांडत बसलेल्या अण्णांना दारात कुणीतरी उभं असल्याची चाहूल लागली." कागदावर छान आहे. आता हे मोठ्यानं म्हणून बघ, अण्णा येईपर्यंत तुझा श्वास संपला आणि ऐकणाऱ्याला भिंतही आठवत नाही. तेच सांगायचं तर : "आमच्याकडे एक अण्णा होते. रोज संध्याकाळी वाड्याच्या भिंतीला टेकून बसायचे. भिंत पडकी. अण्णाही तसेच. एक दिवस दारात कुणीतरी आलं." माणूस आधी, मग तो काय करतो, आणि "कुणीतरी आलं" म्हटल्यावर थांबायचं. तिथं कुणी मोबाईल काढत नाही.

कीर्तनाला जाऊन बस चार वेळा, टिंगल करत नाहीये. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण, मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे आधी विचार आणि मग तोच विचार गोष्टीतून. मधल्या वेळात बुवांना हार घालतात, गजर होतो, लोकांनाही पाय मोकळे करायला मिळतात. तासाभराच्या व्याख्यानाला याच्यापेक्षा चांगला सांगाडा मला कुठल्या ट्रेनरनं दिलेला नाही. आणि मिरासदार-माडगूळकरांचं जे आपण कौतुकानं आठवतो त्याला नाव बघ काय आहे, कथाकथन. वाचन म्हटलेलं नाही.

प्रॅक्टिस आरशासमोर करू नकोस, आरशात माणूस स्वतःचे केस बघतो. आई भाजी निवडत बसली असेल तिथं समोर बसून गोष्ट सांग. तिचा हात कुठं थांबला ते बघ, ती जागा पक्की. कुठं "कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या रे" असं विचारलं, तिथला भाग काप. स्टेजवर जाताना पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द, वाक्यं नाहीत. माईक तोंडापासून मुठीभर लांब, आणि "हॅलो हॅलो, आवाज येतोय का" एवढं म्हणू नकोस, आवाज आला नाही तर लोक आपणहून ओरडतात.

प्रश्न : दोन दिवसांत मोटिव्हेशनल स्पीकर आणि महिन्यात स्वतःचं पुस्तक, असा कोर्स आहे, फी चाळीस हजार, सर्टिफिकेटही मिळतं. करावा का?

उत्तर : नको. सर्टिफिकेट बघून एकाही मंडळानं आजवर कुणाला बोलावलेलं नाही. त्या पैशात वर्षभर महाराष्ट्र फिरून व्याख्यानं ऐका, पार्ल्याला लोकमान्य सेवा संघात जा, ठाण्याला म्हाळगी व्याख्यानमालेला जा, नाशिकला गोदाकाठी मे महिन्यात बसा, बहुतेक ठिकाणी तिकीट नसतंच. आणि महिन्यात झालेलं पुस्तक कुणाला दाखवू नका.

प्रश्न : माझं दीड तासाचं व्याख्यान आयोजकांनी न विचारता यूट्यूबवर टाकलं. आता पुढच्या गावचे लोक म्हणतात "हे आम्ही ऐकलंय". आयोजक म्हणतात कार्यक्रम आमचा, खर्च आमचा, तर व्हिडिओ आमचा. खरंय का?

उत्तर : नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे की जाहीर भाषणाचा पहिला मालक ते भाषण करणारा माणूस, कार्यक्रम दुसऱ्या कुणी भरवला असला तरी. शिवाय त्याच कायद्यात "परफॉर्मर" कोण त्याची यादी आहे, नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा. गारुड्याच्या शेजारी बसवलंय आपल्याला, मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही, दोघंही पुंगीवर पोट भरतो. तर तुमच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग करून टाकायचा हक्क त्यांना नाही.

पण लगेच नोटीस वगैरे पाठवू नका, मराठीतलं व्याख्यानाचं जग फार लहान आहे, अध्यक्षांचे साडू पुढच्या मंडळाचे सेक्रेटरी निघतात. फोन करा, म्हणा पूर्ण व्हिडिओ काढा, बारा मिनिटांचा तुकडा ठेवा आणि खाली पुस्तकाचं नाव टाका. त्या तुकड्यावरून नवीन बोलावणी येतात, माझी येतात. पुढच्या वेळी हे आधीच त्या व्हॉट्सअॅपच्या मेसेजमध्ये लिहायचं.

याच धाग्यात अजून एक, प्रकाशकाबरोबरचा करार वाचा हो, निदान एकदा. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती ५ वर्षंच धरली जाते. ऑडिओबुकचे हक्क कुणाकडे ते बघा, बोलणाऱ्या लेखकानं स्वतःच्या आवाजाचे हक्क देऊन टाकले तर काय राहिलं? आणि दुसऱ्यांच्या कविता व्याख्यानात म्हणता ना, चार ओळी म्हणायला हरकत नाही, कवीचं नाव घ्या फक्त. अर्धा वेळ दुसऱ्यांच्या कवितांवर टाळ्या घेणारे वक्ते मी बघितलेत, नाव मात्र एकाही कवीचं नाही.

प्रश्न : ठाण्याहून लिहितेय. पहिल्या कादंबरीचं बरं झालं, तेव्हापासून सतत कार्यक्रम, मानधनही नीट मिळतं, लोक सह्या घेतात. दुसऱ्या कादंबरीची एकोणनव्वद पानं झाली होती, दोन वर्षं झाली, अजून एकोणनव्वदच. घरी आले की झोपते. बोलणं बंद करू का?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण हे माझंच आहे.

एका वर्षी मी चौसष्ट कार्यक्रम केले. त्या वर्षात लिहिलं काय, तर दुसऱ्यांच्या पुस्तकांना दोन प्रस्तावना. वाईट म्हणजे मला ते जाणवतही नव्हतं, कारण रोज कुणीतरी "काय सुंदर बोललात" म्हणत होतं आणि लिहिलेल्या पानाला तसं कोण म्हणतं हो, ते टेबलावर गप्प पडलेलं असतं. मग एका कार्यक्रमात पहिल्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, निळं नऊवारी, मांडीवर पिशवी. मी बोलतेय आणि त्यांचे ओठ हलतायत. मला वाटलं जप करतायत. नीट बघितलं तर माझं पुढचं वाक्य त्या माझ्याआधी पुटपुटत होत्या, विनोदसुद्धा, विनोदानंतरचा पॉजसुद्धा! नंतर भेटल्या तर कौतुकानं म्हणाल्या, "तिसऱ्यांदा ऐकलं, लेकीकडं एकदा आणि भाचीच्या गावाला एकदा." त्यांना खरंच आवडलं होतं. मला रात्रभर झोप आली नाही.

बोलणं बंद करू नका, घर चालतंय त्यावर आणि वाचकही तिथूनच मिळतायत. पण बोलण्यातून लिहायची भूक मरते, हे मात्र खरं आहे, जी गोष्ट मनात साठून कागदावर यायची ती आदल्या रात्रीच माईकवर सांगून मोकळी होते. म्हणून माझा पहिला नियम, जे लिहायचं चाललंय त्यावर व्याख्यान नाही, कितीही गळ घातली तरी. तुमच्या दुसऱ्या कादंबरीतलं काही बोललायत का कुठं? मला दाट शंका आहे की बोललाय.

दुसरं, १५ जून ते गणपती मी कार्यक्रम घेत नाही. मघाशी म्हटलं तसं एरवीही तेव्हा फोन कमीच असतात, त्यामुळं नुकसान फार होत नाही, पण डायरीत ते दिवस लाल पेननं आधीच मारून ठेवते म्हणजे भिडेनं हो म्हटलं जात नाही. एका महिन्यात चारच्या वर कार्यक्रम नाहीत, फेब्रुवारी सोडून, फेब्रुवारीत मी कुणाचंच ऐकत नाही, स्वतःचंही.

तिसरं जरा वेगळं आहे. व्याख्यानानंतर लोक स्टेजपाशी येऊन जे सांगतात ना, सही घेताना हळूच, "ताई माझ्या सासूचं अगदी असंच झालं", ते त्याच रात्री लिहून ठेवा. मी एसटीतच लिहिते, अक्षर वाचता येत नाही पण चालतं. माझ्या शेवटच्या दोन पुस्तकांतल्या निम्म्या गोष्टी त्या वहीतल्या आहेत. व्याख्यान उतरवून काढून पुस्तक करायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका, बोललेलं उतरवलं की फार पातळ निघतं, मी एकदा केलंय आणि प्रकाशकानं अत्यंत सभ्यपणे परत पाठवलंय.

पुढच्या तीन महिन्यांत तुम्ही कुणाकुणाला तारखा देऊन बसलायत त्याची यादी मला पाठवा. त्यातल्या दोन रद्द करायच्या आहेत, आणि आयोजकांना न दुखावता त्या कशा करायच्या ते मी तुम्हाला फोनवर सांगते, छापून सांगितलं तर ते पण वाचतील.